शिखरसिद्धता, धावपटूंची

मध्यम व दीर्घ पल्ल्याच्या धावपटूची क्षमता वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या शर्यतीच्या दिवशीच परमोच्च बिंदूस पोहोचावी, यासाठी केलेली सरावाची कालबद्ध आखणी. तिला निश्चित रूप देण्याचे श्रेय मुख्यतः न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड (१९१७–२००४) याला दिले जाते. तत्पूर्वी यूरोपात गेर्शलर या जर्मन प्रशिक्षकाने रूढ केलेल्या इंटरव्हल पद्धतीचा, म्हणजे ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये थोडी विश्रांती घेण्याच्या पद्धतीचा, प्रभाव होता.

ऑक्लंड येथे पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिडियर्डने प्रथम स्वतःवरच प्रयोग केले. तीव्र सरावाने वेग लवकर वाढतो, पण तो फार काळ टिकत नाही. याउलट संथ, दीर्घ धावण्याने हृदयाची व रक्ताभिसरणाची क्षमता सावकाश वाढते व टिकून राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणून शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत तो वर्षाची आखणी करी. आरंभी कित्येक आठवडे दर आठवड्यास सु. १६० किमी. धावणे, त्यात वायटाकेरे डोंगररांगांतील सु. ३५ किमी. चा खडतर मार्ग. त्यानंतर चढावरील सराव, मग धावपट्टीवरील वेगवान सराव आणि अखेरच्या दिवसांत श्रम कमी करून शरीर ताजेतवाने ठेवणे, असा हा क्रम होता. आठशे मीटर धावणाऱ्यासही त्यातून सूट नसे.

त्याचे फळ रोम ऑलिंपिकमध्ये (१९६०) दिसले. पीटर स्नेल (८०० मी.) व मरे हॅल्बर्ग (५,००० मी.) यांनी एकाच दिवशी, सुमारे तासाभराच्या अंतराने, सुवर्णपदके जिंकली, बॅरी मगीला मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळाले. स्नेलने डिसेंबर १९६१ मध्ये मॅरेथॉन पूर्ण केली आणि पुढच्याच महिन्यात एक मैलाचा जागतिक विक्रम (३ मि. ५४·४ से.) नोंदविला. वेगवान धावपटूस लांब धावणे मारक ठरते, हा समज त्यामुळे ढासळला.

१९६७ मध्ये लिडियर्ड फिनलंडला गेला. तेथील प्रशिक्षणावर त्याचा ठसा उमटला. लासे व्हिरेन या फिनिश धावपटूने म्यूनिक (१९७२) व माँट्रिऑल (१९७६) या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५,००० व १०,००० मी. शर्यती जिंकल्या, मधल्या काळात मात्र, १९७४ च्या यूरोपीय स्पर्धेत, त्याला कांस्यपदकावरच समाधान मानावे लागले. या चढउतारामुळे त्याच्यावर रक्त-संक्रमणाचा आरोप झाला. तो त्याने नाकारला; शिवाय त्या काळी या प्रकारावर बंदीही नव्हती. तथापि ऑलिंपिक वर्षासाठीच राखलेल्या तयारीने त्याच्या यशाचा बराचसा उलगडा होतो.

शेवटच्या टप्प्याविषयी पुढे शास्त्रीय अभ्यास झाले. शर्यतीपूर्वी सुमारे दोन आठवडे धावण्याचे अंतर निम्म्याच्या आसपास आणावे, पण वेग कमी करू नये, असे त्यांतून दिसून आले. धावपटूंना ही घट बहुधा सरावापेक्षाही अवघड जाते.