आखाजीची उचल

पंचांगाचे वर्ष पाडव्याला सुरू होते. खानदेशातल्या सालदाराचे वर्ष सुरू होते आखाजीला. त्या दिवशी जुने साल संपते, नवे ठरते. ठरताना जी उचल हाती पडते, तिचा मोठा भाग मागच्या उधारीत आणि दवाखान्याच्या देण्यात त्याच आठवड्यात संपतो. मग बारा महिने राबावयाचे ते आधीच खर्च झालेल्या पैशासाठी. मध्ये खाडा पडला तर तो कापला जातो. हे पाहून गावातली शहाणी माणसे म्हणतात, “या लोकांना उद्याची फिकीरच नाही.” हा आरोप फार जुना आहे, आणि आमच्या मते खोटा आहे.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाचा भाव एकाएकी चढला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्जखते मात्र राहिली.

त्यातच 1859 चा मुदतीचा कायदा होता. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर सावकाराचे पैसे बुडणार. यात कुळाचे रक्षण होईल असे कोणासही वाटावे. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार खत फिरवून मागे. थकलेले व्याज मुद्दलात जाई, आणि फुगलेल्या आकड्यावर नवे व्याज चढे. शेतकरी अंगठा देई, कारण न दिल्यास दावा आणि जप्ती. यात मूर्खपणा कोठे आहे? बैल जप्त झाले तर यंदाची पेरणीच बुडते. तीन वर्षांनंतरच्या व्याजाची काळजी करावयास आधी ही तीन वर्षे जगावी लागतात. हिशेब त्याने बरोबरच केला होता. त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. चौकशी कमिशन बसले. लग्नकार्यातल्या उधळपट्टीने कुणबी बुडाला, हे तेव्हाच्या साहेबांचे आवडते निदान. त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे कमिशनलाच नमूद करावे लागले. पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि दाव्याची मुदत वाढली. पण ज्या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला, त्यांत खानदेश नव्हता.

गिरण्या आल्यावर शेतकऱ्याचा कामगार झाला, तरी उधारी सुटली नाही. 1931 साली शाही मजूर कमिशनने लिहून ठेवले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत. महिनाभर राबून पगार पुढच्या महिन्यात केव्हातरी मिळे, तोवर दुकानदार हाच अन्नदाता. 1936 च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली. शिकलेल्या माणसांना ही क्षुल्लक बाब वाटते. आम्ही कामगारांत वर्षानुवर्षे वावरलो. पगाराची तारीख हुकली की पहिली मोडते ती भिशी, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

यास आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे. 2013 साली तामिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची परीक्षा कापणीपूर्वी, हात तंगीत असताना घेतली, आणि कापणीनंतर पुन्हा घेतली. दुसऱ्या वेळी ते सरस ठरले. माणूस तोच, डोके तेच. मधल्या काळात फक्त पैसे हाती आले होते!

आता पुन्हा सालदाराकडे येऊ. 1972 च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांनी भिल्ल मजुरांना जमीन आणि मजुरी या प्रश्नांवर उभे केले. ते दिवस दुष्काळाचे होते. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेला रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. असे काम खरोखरच मिळते तेव्हा आखाजीच्या सौद्याला बसलेला मजूर मालकाला “चार दिवसांनी सांगतो” एवढे तरी म्हणू शकतो. त्या कामाची मजुरी रखडली की तोच मजूर पाचव्या दिवशी उचल घ्यावयास जातो, हेही आम्ही पाहिले आहे.