पुनर्विमा : न्यायालयीन वाद

विमा कंपनीने स्वीकारलेल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या कंपनीकडे सोपविण्याच्या करारास पुनर्विमा म्हणतात. विमेदाराचा पुनर्विमा कंपनीशी सहसा करार नसतो. त्यामुळे विमा कंपनी दोन्ही बाजूंनी पेचात सापडते : विमेदार भरपाई मागतो आणि पुनर्विमा कंपनी त्याच भरपाईवर शंका घेते. मात्र पुनर्विम्याचे पैसे आले नाहीत, ही सबब विमेदारापुढे चालत नाही. कारण पॉलिसीचे वचन विमा कंपनीने स्वतः दिलेले असते.

लायबेरियातील मन्रोव्हिया येथे एका गोदामाला आग लागली, तेव्हा पुनर्विमा कंपनीने दाव्यात लबाडी असल्याचा संशय घेतला. ‘इन्शुरन्स कंपनी ऑफ आफ्रिका विरुद्ध स्कोर’ या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८४ मध्ये तत्त्व मांडले : तडजोड मान्य करण्याचे कलम करारात असल्यास, दावा पुनर्विम्याच्या कक्षेत बसत असेल आणि विमा कंपनीने प्रामाणिकपणे, व्यावसायिक दक्षतेने तडजोड केली असेल, तर ती पुनर्विमा कंपनीवर बंधनकारक ठरते. परक्याच्या पैशावर विमा कंपनी सढळ होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याला उत्तर याच दोन अटींत आहे. शिवाय दाव्यांत सहकार्याचे व पूर्वसंमतीचे कलम घालून पुनर्विमा कंपनी स्वतःचे रक्षण करू शकते. त्या खटल्यातही अशा कलमाने तडजोडीच्या कलमाची धार बोथट केली होती. याउलट प्रत्येक दाव्याची नव्याने शहानिशा होऊ लागली, तर तडजोडी रखडतील आणि झळ विमेदाराला बसेल. म्हणून दोन्ही करारांची शब्दरचना जुळती ठेवणे, हाच असे वाद टाळण्याचा खात्रीचा उपाय होय.