'शामा' कथेचा खटला आणि अश्लीलतेची कसोटी

स्वस्त, सुटसुटीत आणि शृंगाराची फोडणी दिलेल्या मराठी कथेचा इतिहास वाङ्मयेतिहासकारांनी बहुधा टाळलेला आहे. नोकरी करणारे स्त्रीपुरुष, त्यांच्यातील चोरटा परिचय, संशय आणि मत्सर यांवर उभ्या राहणाऱ्या या कथेला समीक्षेच्या दरबारात स्थान मिळाले नाही. न्यायालयात मात्र ते मिळाले. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा त्याचे ठळक उदाहरण होय.

निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया हा या कथेचा विषय. काही प्रसंगांतील वर्णने अश्लील आहेत अशी फिर्याद भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली दाखल झाली. त्याच अंकातील आणखी काही मजकुरावरही आक्षेप होते. पण अखेर वाद उरला तो 'शामा'पुरताच. मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात आरोपी सुटले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि मुद्रक-प्रकाशक व लेखक यांना प्रत्येकी २५ रुपये दंड केला. दंड किरकोळ होता. परंतु त्याबरोबरच त्यांच्या ताब्यातील अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेशही होता, आणि लेखकाच्या दृष्टीने खरी शिक्षा तीच म्हणावी लागेल.

या खटल्याची अडचण समजण्यासाठी त्या काळची कसोटी लक्षात घेतली पाहिजे. इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन निकालाने असे ठरविले होते की, ज्यांचे मन अशा प्रभावास वश होऊ शकते आणि ज्यांच्या हाती तो मजकूर पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, हे पाहावयाचे. १९ ऑगस्ट १९६४ रोजी रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी थोड्याफार फेराने स्वीकारली होती. तेथे वादात असलेली कादंबरी डी. एच. लॉरेन्सची, म्हणजे मान्यवर लेखकाची होती. मुल्कराज आनंदांसारखा साक्षीदारही तिच्या बाजूने उभा राहिला होता. तरीही विक्रेत्याची शिक्षा कायम झाली. लॉरेन्सला जे साधले नाही ते दिवाळी अंकातल्या लोकप्रिय कथाकाराला कसे साधावे?

कसोटीचा हा वाचक कोण, याचा विचार पुण्यामुंबईच्या कक्षेत राहून पुरा होत नाही. दिवाळी अंक ही टपालाने व रेल्वेने फिरणारी वस्तू. त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेले नंदुरबार (स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ पासून) हे तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. अशा तालुक्याच्या गावी अंक ज्याच्या हाती पडेल तो शाळकरी मुलगा, कचेरीतला कारकून किंवा दुकानातला नोकर हाच कायद्याच्या मनातला 'वश होणारा' वाचक. त्याला कोणी साक्षीस बोलावले नाही, आणि त्याच्या नावाने दुसऱ्यांनी भीती बाळगली. मराठीत ही भीती जुनीच होती. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधील लेखनासाठी खटले झाले होते, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे मर्ढेकरांच्या कवितांवरही हाच आरोप आला. पण कर्व्यांपाशी शास्त्र होते, मर्ढेकरांपाशी काव्य. काकोडकरांपाशी केवळ गोष्ट होती.

१३ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांचे अपील मान्य केले. न्यायमूर्ती पी. जगन्मोहन रेड्डी यांच्या निकालाचे वैशिष्ट्य असे की, त्यात कथेची स्तुती नाही. कथा अपरिपक्व, नीरस, अभिरुचीला न शोभणारी असेल. तरी संपूर्ण वाचता ती कुमारांना बिघडविणारी ठरत नाही, असा त्याचा आशय. कामविषयाचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर धार्मिक ग्रंथांवाचून दुसरे काहीच विकता येणार नाही, असेही त्यात सुचविलेले आहे. समाजाची मानके झपाट्याने बदलत आहेत याचीही दखल घेतलेली आहे. 'वाईट लिहिले' आणि 'गुन्हा केला' यांतील अंतर यापूर्वी क्वचितच इतके स्वच्छ दाखविले गेले असेल. समीक्षकाचे काम समीक्षकाकडे राहिले.

त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती झाली. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी समर्थनीय ठरणाऱ्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. पण शिक्षाही वाढली. त्यातला विरोधाभास असा की, 'शामा'सारख्या कथेला या अपवादाचा आधार क्वचितच मिळाला असता, कारण न्यायालयाने तिला उच्च साहित्य म्हटलेच नव्हते. हिक्लिन कसोटीला स्पष्ट निरोप मिळावयास २०१४ चा अवीक सरकार निकाल उजाडावा लागला.

काकोडकरांच्या लोकप्रियतेला या प्रकरणाने धक्का पोहोचला असे दिसत नाही. त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवर आधारलेला राज खोसला यांचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निकालाच्याच वर्षी, १९६९ मध्ये प्रदर्शित झाला, आणि १९७८ च्या 'मैं तुलसी तेरे आंगन की' या चित्रपटासाठी खोसला पुन्हा त्यांच्याच कथेकडे वळले.