पूर्व जर्मनीचा ध्वज

पूर्व जर्मनीचा ध्वज हा जर्मन लोकशाही प्रजासत्ताक (पूर्व जर्मनी) या भूतपूर्व देशाचा राष्ट्रध्वज होता. काळ्या, लाल व सोनेरी रंगांचे तीन समान आडवे पट्टे आणि मध्यभागी राष्ट्रचिन्ह असे त्याचे स्वरूप १९५९ ते १९९० या काळात होते.

इतिहास

काळा, लाल व सोनेरी हे रंग एकोणिसाव्या शतकातील जर्मन ऐक्य व स्वातंत्र्याच्या चळवळीतून आले. १८४८ मध्ये फ्रांकफुर्ट येथील राष्ट्रीय सभेने व पुढे वायमार प्रजासत्ताकाने ते स्वीकारले. नाझी राजवटीत १९३३ साली हा ध्वज हटवण्यात आला. १९४९ मध्ये जर्मनीत दोन राज्ये स्थापन झाली, तेव्हा दोघांनीही या परंपरेवर हक्क सांगितला. परिणामी सुमारे दहा वर्षे दोन्ही देशांचा ध्वज एकच होता. आपले वेगळेपण दाखवण्यासाठी पूर्व जर्मनीने १ ऑक्टोबर १९५९ रोजी ध्वजावर राष्ट्रचिन्ह घातले.

प्रतीकार्थ

राष्ट्रचिन्हातील हातोडा कामगारांचे, कंपास (वर्तुळ काढण्याचे साधन) बुद्धिजीवींचे आणि राय या तृणधान्याच्या ओंब्यांचे कडे शेतकऱ्यांचे प्रतीक होते. ओंब्यांभोवती राष्ट्रीय रंगांची फीत गुंडाळलेली होती. सोव्हिएत संघाच्या ध्वजावरील विळा येथे नाही; मात्र कामगार व शेतकरी यांचे राज्य ही कल्पना दोन्हींत समान आहे.

वाद

पश्चिम जर्मनीने नव्या ध्वजाला ‘फुटीरांचा ध्वज’ म्हटले. तेथे तो जाहीरपणे फडकवणे हा संविधानाचा व सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग मानला जाई आणि पोलीस तो उतरवत असत. हे धोरण १९६९ पर्यंत टिकले. १९६०, १९६४ व १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धांत दोन्ही जर्मनींचे खेळाडू तिरंगी ध्वजावर पांढरी ऑलिंपिक कडी असलेला तोडग्याचा ध्वज वापरत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मात्र पूर्व जर्मनीचा संघ पश्चिम जर्मनीच्याच भूमीवर स्वतःच्या ध्वजाखाली उतरला.

अस्त

१९८९ च्या अखेरच्या महिन्यांत निदर्शकांनी ध्वजातील राष्ट्रचिन्ह कापून काढले. मधोमध भोक पडलेला हा ध्वज राजवटीला नकार देई, राष्ट्रीय रंगांना नव्हे. चिन्ह वगळताच उरलेला ध्वज पश्चिम जर्मनीचाही होता. त्यामुळे तो एकीकरणाच्या मागणीचे प्रतीक ठरला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले. पूर्व जर्मनी हा देश व त्याचा ध्वज संपुष्टात आला आणि चिन्हविरहित काळा-लाल-सोनेरी ध्वज संपूर्ण जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला.