आपोआप पाणी, पण मिठाचे काय?

उर्दूच्या तासाला 'हीला' या शब्दाचा अर्थ विचारला की मुले सांगतात, बहाणा. बरोबरच आहे. पण अरबीत याच शब्दाचे अनेकवचन, 'हियल', युक्तीच्या यंत्रांसाठीही वापरले गेले. इ.स. ८५० च्या सुमारास बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी 'किताब-उल-हियल' लिहिले. त्यात सुमारे शंभर यंत्रे आहेत. काहींत पाणी ठरलेल्या पातळीला आले की झडप आपोआप बंद होते. आज आमच्या वर्धा जिल्ह्यात ठिबकला सेन्सर आणि मोबाइल जोडण्याच्या गोष्टी ऐकतो, तेव्हा मला हे भाऊ आठवतात.

पण त्याच शतकातले दुसरे चित्रही आठवते. त्याच अब्बासी राज्यात, बसऱ्याच्या आसपास, पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम शेतीसाठी जमिनीवरचा खारा थर खरवडून काढत होते. या हालांतून ८६९ मध्ये जंज बंड पेटले आणि ८८३ पर्यंत चालले. आपल्या सुवर्णकाळाचा अभिमान सांगताना आपण पहिले चित्र दाखवतो, दुसरे झाकतो. पाणी थांबवायला झडप होती, मीठ काढायला माणसांचे हात.

हजार वर्षांनी महाराष्ट्रातही तोच प्रश्न उभा राहिला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढे ऊस आला, पाणी वाढले. जास्तीचे पाणी जमिनीत मुरते. त्याला वाट नसेल तर भूजल वर चढते. पृष्ठभागाजवळ आलेले पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. जमीन क्षारपड होते. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. आणि १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. पाणी अडवण्या-सोडण्याची विद्या पुढे गेली, पाणी काढून नेण्याची मागे राहिली.

वर्ध्याला हे परके नाही. बोर धरणाच्या कालव्याखाली आमच्याकडे काळी, भारी जमीन आहे. तिच्यात पाणी सावकाश झिरपते. पश्चिमेला पूर्णा खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथला खारेपणा कालव्याने आणलेला नाही, भूजलच खारे आहे. पण भारी मातीत क्षार साचले की काय होते, हे तिथे दिसते.

ठिबक आणि सेन्सर चांगलेच. पाणी मोजून दिले तर भूजल वर चढण्याचा धोका कमी होतो. पण ठिबकमध्येही क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. ते धुऊन खाली न्यायला पाऊस किंवा जास्तीचे पाणी लागते, आणि त्या पाण्याला बाहेर जायला चर लागतो. माझ्या शेताचा चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबला, तर माझे मीठ त्याच्या शेतात जाते. नाला साफ ठेवणे हे साऱ्या गावाने मिळून करायचे काम आहे. ते कोणत्याही मोबाइलवर होत नाही.

झडप आपोआप चालते म्हणून निचऱ्याकडे डोळेझाक केली, तर बनू मूसांचा 'हीला' पुन्हा आपल्या उर्दूतला 'हीला' होईल: नुसता बहाणा.