फणसाड : पाणवठ्यांवर तगलेले जंगल

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण ओलांडले की खिडकीबाहेरचे दृश्य पालटते. मिठागरे, खारबंदिस्तीची शेते आणि अंबा नदीच्या खाडीला बिलगलेली कांदळवने मागे पडतात आणि नागोठण्यापुढे डोंगर जवळ येऊ लागतात. निडी हे रोह्याच्या अलीकडचे शेवटचे छोटे स्थानक. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ साली पूर्ण झाला. योगायोगाने त्याच वर्षी, २५ फेब्रुवारी १९८६ रोजी, या डोंगररांगांपलीकडील समुद्राकडच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेच फणसाड वन्यजीव अभयारण्य.

मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल एके काळी जंजिरा संस्थानच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. संस्थानी मालकीमुळे येथे सरसकट तोड झाली नाही आणि किनारपट्टीलगतच्या अरण्याचा एक सलग तुकडा शिल्लक राहिला. सुमारे ७० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात दाट झाडी, मोकळे माळ आणि पाणथळ जागा असे तिन्ही प्रकार आढळतात.

‘गाण’ म्हणजे काय?

फणसाडमध्ये पाण्याच्या जागेला ‘गाण’ म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण ही त्यांतील काही नावे. नावांवरूनच जागेचा स्वभाव कळतो. कोठे झाडीच्या सावलीत साठलेले स्वच्छ पाणी, तर कोठे गुडघाभर चिखल आणि त्यावर उमटलेले खुरांचे ठसे. रानडुकरे या चिखलात लोळतात, सांबरे अंग माखून घेतात. अंगावरचा चिखल वाळला की त्यासोबत गोचिडी आणि कीटकही सुटतात, उन्हाचा तापही कमी जाणवतो.

कोकणात पाऊस धो धो पडतो, मग पाण्याला एवढे महत्त्व का, असा प्रश्न शहरी पर्यटकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर भूगोलात आहे. डोंगरउतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये कोसळणारे पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. फेब्रुवारीनंतर ओढे आटू लागतात आणि मे महिन्यात जंगलातील जवळपास सर्व हालचाल मोजक्या गाणींभोवती एकवटते. वन्यजीव दिसण्याची सर्वाधिक शक्यता याच काळात असते आणि माणसाच्या वावराचा उपद्रवही याच काळात सर्वाधिक होतो. फणसाडला जाणाऱ्याने ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

काय पाहाल?

फणसाडचे मानाचे रहिवासी म्हणजे शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी उंच झाडांच्या शेंड्यांवरून लांब उड्या घेत फिरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. काड्या व पानांची त्याची मोठी गोलसर घरटी फांद्यांच्या बेचक्यांत सहज ओळखू येतात. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर, तरस आणि वानर यांचाही येथे वावर आहे. बिबट्या प्रत्यक्ष दिसणे दुर्मीळच, त्याच्या पाऊलखुणांवर समाधान मानण्याची तयारी हवी.

पक्षीनिरीक्षकांना हिवाळा अधिक लाभदायक. धनेश, स्वर्गीय नर्तक, तांबट, तुरेवाला सर्पगरुड आणि राज्यपक्षी हरियल यांच्या शोधात येथे पहाटेची पायपीट सार्थकी लागते. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ या वृक्षांवरून दोरखंडासारखी चढलेली गारंबीची महावेल हे या जंगलाचे खास वैशिष्ट्य. हातभर लांबीच्या तिच्या शेंगा पाहून नवखा पर्यटक थबकतोच.

गिधाडांचा धडा

फणसाड परिसरातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची कथा मात्र चिंतेची आहे. १९९० च्या दशकापासून भारतात या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याचे मुख्य कारण ठरले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. फणसाडमध्ये मृत जनावरे ठरावीक जागी ठेवून गिधाडांना सुरक्षित अन्न पुरवण्याचा प्रयोगही वन विभागाने केला. मात्र गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी भरून निघण्यास दशके लागतात. त्यातच ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्यातील असंख्य जुनी झाडे पाडली. फणसाडचे जंगलही त्यातून सुटले नाही. घरट्यांसाठी उंच, जुनी झाडे लागणाऱ्या शेकरू आणि गिधाडांसाठी हा आघात मोठा होता.

नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या राज्यातील पाणथळींना २०१९ ते २०२२ या काळात आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ दर्जा मिळाला. फणसाडच्या छोट्या गाणी अशा कोणत्याही यादीत नाहीत. परंतु आसपासच्या जंगलासाठी त्यांचे मोल तसूभरही कमी नाही. येथील एखादी गाण मे महिन्यात आटली किंवा माणसांच्या गोंगाटाने प्राण्यांना तिच्याकडे फिरकता आले नाही, तर तहानेने ते गावांकडे वळतात. मग पिकांचे नुकसान आणि संघर्ष हे ओघाने आलेच.

हे पाळाच

पाणवठ्याजवळ निरीक्षणासाठी बसायचे असल्यास उन्हे कलण्यापूर्वी जागा घ्यावी आणि निघेपर्यंत जागा सोडू नये. वारा आपल्याकडून पाण्याकडे वाहत असेल, तर प्राण्यांना गंध आधीच लागतो. म्हणून जागा निवडताना वाटाड्याचे ऐकावे. मातकट वा हिरवे कपडे घालावेत, अत्तरे टाळावीत. गाणीत हातपाय धुणे, साबण वापरणे, दगड मारणे सर्वथा वर्ज्य. भ्रमणध्वनी बंद ठेवावा, कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. प्लास्टिक जसे नेले तसे परत आणावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीविना अभयारण्यात प्रवेश करणे हा गुन्हा आहे, याची जाणीव ठेवावी.

कसे जाल?

मुख्य प्रवेश मुरुड तालुक्यातील सुपेगाव येथून. मुंबईहून अंतर अंदाजे दीडशे किलोमीटर. रोहा तसेच अलिबाग-रेवदंडा अशा दोन्ही बाजूंनी रस्त्याने पोहोचता येते. रेल्वेने येणाऱ्यांनी निडी येथे न उतरता रोह्यापर्यंत यावे, कारण पुढील एसटी व खासगी वाहने तेथूनच मिळणे सोयीचे. मुक्काम, प्रवेश आणि वाटाड्याबाबत वन विभागाकडे आधीच चौकशी करून निघावे. ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी, पाणवठ्यावरील प्राण्यांसाठी एप्रिल-मे. जोडून मुरुड-जंजिरा किल्ला किंवा कुड्याची लेणी पाहता येतात. मात्र एका दिवसात सर्व काही उरकण्याचा हट्ट धरल्यास जंगल पाहायचे राहून जाते.