आत्याचे चिंचोके

आत्याच्या खोलीत देवांपेक्षा डबेच जास्त. एकात चिंचोके, एकात शिंपले, एकात रिठे. आम्ही भाचरं सुट्टीत गेलो की आधी त्यांच्यावर तुटून पडायचो. ती ओरडायची नाही. "मोठे इकडं, बारके तिकडं करा रे," एवढंच म्हणायची आणि आमची दुपार गुपचूप सरायची. मग वाटीतून नाचणीची आंबील.

हे सगळं तिनं डहाणूजवळच्या कोसबाडला उचललं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आत्या पोचली ती त्यानंतर. नेमकं साल ती दर खेपेला वेगळं सांगायची. एकटी पोरगी रानात जाते म्हणून आजोबांनी आठ दिवस अबोला धरला म्हणे. आई म्हणते, पंधरा.

वारली पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं, भाऊ गुरांमागे; येणार कशी? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणायची? माती, पानं, बिया होत्याच. पुढं १९७५ साली सरकारनं बालविकासाची योजना आणली आणि अंगणवाडी देशभर पोचली. "आमच्या ताराबाईंची हो ती," आत्या सांगायची.

तिची सकाळ मात्र नाकं पुसण्यात, केस विंचरण्यात, नखं काढण्यात जायची. एक पोर पाणी दिसलं की धूम ठोकायची. आत्यानं तिच्या हाती चिंध्यांची बाहुली दिली, म्हटलं, हिला न्हाऊ घाल. काही दिवसांनी पोर आपणहून तांब्या घेऊन हजर! हे सांगताना आत्याचा हात हवेतच पाणी ओतायचा.

अशा बाईला लोक 'बालवाडीतल्या बाई' म्हणून बाजूला सारतात, याचा मला अजून राग येतो. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा आत्यानं आळीभर पेढे वाटले होते.

नव्वदीत तिला नीट दिसेना. तरी घोलवडकडून एक गृहस्थ, स्वतः आजोबा झालेले, चिकूंची करंडी घेऊन यायचेच. नाव तिला आठवत नसे. "डावखुरा ना रे तू?" ती विचारायची. "होय बाई," म्हणत ते डाव्या हातानं तिच्यासाठी चिकू सोलायला घ्यायचे.